पिठाखालची बोटं

माझ्या हातांची बोटं जवळजवळ वर्षभर पांढरी पडत होती आणि आमच्या घरात ते कुणालाही दिसलं नाही. मलासुद्धा सुरुवातीला नाही. आता यात दोष कुणाला द्यायचा? आमच्याकडे पहाटे अंघोळ झाली की इष्टलिंगाची पूजा. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, कपाळाला, दंडाला भस्म लावायचं, आणि ते लावताना बोटं भस्मात बरबटतातच. पूजेवरून उठलं की खानावळीची चूल. उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळायचं आणि दुपार टळेपर्यंत भाकऱ्या थापायच्या. सकाळी भस्म, दिवसभर पीठ. अशा बाईची बोटं पांढरी दिसली तर दचकणार कोण!

आमची खानावळ भालकीत, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. उदगीर-लातूरच्या गाड्यांची माणसं, बाजाराला आलेली, साखर कारखान्याकडे निघालेली, सगळी आमच्याकडे जेवतात. भरलं वांगं, शेंगाचटणी, दही आणि भाकरी. वांगं कुणीही करील. माणसं येतात ती भाकरीसाठी, आणि भाकरी माझी. ही फुशारकी आहे, असू दे. लग्न होऊन आले तेव्हा ‘बी.ए. झालेली सून चुलीपुढं काय बसणार’ म्हणून गल्लीने नाकं मुरडली होती. सासूबाईंनी, त्यांना आम्ही अव्वा म्हणतो, मला हाताला धरून शिकवलं, आणि काही वर्षांत मी त्यांच्यापेक्षा पातळ थापायला लागले. त्यांनी ते कधी कबूल केलं नाही, पण घरी पाहुणे आले की वाढायला मात्र माझ्या टोपल्यातली भाकरी घ्यायच्या.

भाकरी थापण्याचा आवाज असतो. बाहेर ताटावर बसलेली माणसं तो ऐकत जेवतात. एक म्हातारे वाणी रोज यायचे, ते म्हणायचे, आवाज ऐकला की निम्मी भूक भागते. तेव्हा माझ्या हातांना मी कधी हात म्हणूनही बघितलं नव्हतं. ते होते, चालत होते, आणि त्यांच्यावर आमचं घर चालत होतं.

पहिल्यांदा कळलं ते पूजेत. पावसाची झड लागली होती, गार पाण्याने हात धुऊन बसले होते. तळहातावर लिंग, आणि त्याच्या मागे माझी तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी. भस्म सांडलं असेल म्हणून पदराने पुसलं. गेलं नाही. अंगठ्याच्या नखाने दाबून बघितलं तर त्या बोटांना काही लागेना, जणू ती दुसऱ्या कुणाचीतरी होती. मग बघता बघता ती निळी झाली, मग लालबुंद, आणि अशी आग व्हायला लागली की लिंग खाली ठेवावं लागलं.

“पूजंत चुळबूळ कामून करायलीस?” शेजारी बसलेल्या अव्वा डोळे मिटूनच म्हणाल्या.

“भस्म निघंना अव्वा, बोटाचं.”

“भस्म काय पुसून टाकायचं असतंय व्हय? ऱ्हाऊ दे.”

विषय संपला. मी चुलीपुढे बसले, हात पिठात घातले, आणि त्या दिवसापासून बोटं पिठाखाली गेली.

खानावळीत प्रत्येक दुखण्याला निमित्त तयार असतं. सकाळी मुठी वळेनात, तर काम लई झालं असेल. डोळ्यांत खडा गेल्यासारखं व्हायचं, तर चुलीचा धूर. तोंड कोरडं पडायचं, तर मिरची भाजली होती ना! थकवा यायचा, तर कुठली बाई थकत नाही? गंमत म्हणजे भाकरी विकणाऱ्या मला भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळता येईना. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. यजमान चेष्टेने म्हणाले, “तुपली भाकरी तुलाच कडक लागायलीय का आता?” मीही हसले. हसण्यावारी नेण्यात आम्ही दोघंही पटाईत.

मग भाकरी फाटायला लागली. पातळ करत आणली की कडेला चिरायची, कारण बोटांना कड कळतच नव्हती. गिऱ्हाईक फार सभ्य असतं, तोंडावर काही बोलत नाही, फक्त विचारतं, “आज भाकरीला कोण हाय?” हे मला दुसऱ्यांदा ऐकू आलं तेव्हा मी काठवट बाजूला सरकवली आणि मोरीत जाऊन उभी राहिले. त्या दिवशी अव्वा गुडघे धरत धरत उठल्या आणि माझ्या जागी बसल्या. त्यांच्या वयाच्या बाईने तव्यापुढे बसायचं आणि धडधाकट दिसणाऱ्या सुनेने गल्ल्यावर. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

डॉक्टर केले. कोण म्हणेल केले नाहीत! एकाने सांगितलं, गेल्या साली गावात चिकुनगुन्या झाला, सगळ्यांचेच सांधे धरलेत, तुमचे का सोडतील? दुसऱ्याने रक्त कमी आहे म्हणून लोखंडाच्या गोळ्या दिल्या, त्यांनी पोट धरलं ते वेगळंच. तिसऱ्याने डोळ्यांवर चष्मा दिला. चौथ्याने सगळे कागद बाजूला ठेवून मायेने विचारलं, “घरात काही ताण आहे का?”

मी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, खानावळ हाय आमची. ताण आमच्यात ताटाबरोबर वाढतात.” त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली.

यांतलं कुणीच वाईट माणूस नव्हतं. प्रत्येकाने माझा एक तुकडा बघितला आणि त्या तुकड्याला औषध दिलं. मी दाखवायला जायचे ते मात्र नेमकं तिथे दिसायचं नाही. बोटं पांढरी पडायची पहाटे, पाण्यात. आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ती गुलाबी, गरम, खोटारडी. सूजसुद्धा दुपारपर्यंत निम्मी उतरायची. शेवटी यजमानांनी एकदा मोबाइलवर फोटो काढला. बिदरच्या एका डॉक्टरांनी तो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, “ताई, फोटो काढायच्या आधी हात धुवायचे ना.”

पीठ समजले ते! यजमानांनी आत शिरतानाच माझी ‘भाकरीवाल्या ताई’ म्हणून ओळख करून दिली होती.

त्या रात्रीच्या जेवणानंतर, भांडी विसळून झाल्यावर, यजमान फार हळू आवाजात म्हणाले, “एक मशीन येतंय म्हणे भाकरीचं. इकडून पीठ टाकलं की तिकडून भाकरी. बघून येऊ का?”

त्यांच्या मनात काय होतं हे आज मला कळतं. पण तेव्हा मी असा भडका उडवला की विचारू नका. माझे हात गेले असं तुम्ही ठरवूनच टाकलं का, माझ्या जागी लोखंड आणून बसवायलाव का, इथपर्यंत गेले. आणि मग ढसाढसा रडले. म्हणजे रडायचा सगळा आवाज आला, ऊर भरून आला, पण डोळ्यांत टिपूस नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! डोळे नुसते जळत राहिले. मला वाटलं, मी निबर झाले. अव्वा दारात उभ्या होत्या. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या म्हणाल्या, “रडायचं सोंग नको करूस,” आणि आत गेल्या.

तो शब्द मला लागला. अजून लागतो. दुखणं सोसता येतं, पण दुखणं खोटं ठरलं की माणूस एकटं पडतं.

जेवायला येणाऱ्या एका मास्तरांनी सांगितलं की त्यांच्या बायकोचं असंच काही होतं आणि कलबुर्गीत नुसत्या सांध्यांच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. आम्ही हुमनाबादला बस बदलून गेलो. उन्हाळा ऐन भरात होता. कलबुर्गीचं ऊन ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही त्याने बघू नये. बसच्या खिडकीची दांडी हातात धरवत नव्हती. माझ्या मनात एकच: अशा उन्हात माझी बोटं काय दाखवणार, कपाळ?

डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये बोलल्या, आम्हीही. त्यांनी माझ्या बोटांचं एकेक पेर दोन्ही बाजूंनी दाबलं. तिसऱ्या पेराला मी किंचाळले तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तेच हवं होतं. मग आजवर मला कुणी विचारलं नव्हतं असं त्या विचारायला लागल्या. कोरडी भाकरी पाण्याशिवाय खाता येते का? सकाळी वेणी घालता येते का? आणि मान वर न करता म्हणाल्या, “रडू येतं तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं का?”

मी यजमानांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

“नाही येत,” मी म्हणाले. “मला वाटलं मीच तशी झाले.”

“तुम्ही तशा नाही झालात. तुमच्या डोळ्यांतलं पाणी आटलंय. तोंडातलंही. त्याचा आजार असतो.”

पुढे त्यांनी विचारलं, थंडीत बोटांचा रंग बदलतो का? मी खुर्चीतून अर्धी उठलेच. पांढरी, मग निळी, मग लाल, एका दमात सगळं सांगून टाकलं. यजमानांनी मोबाइल काढला. बाईंनी फोटो बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला आणि अगदी संकोचाने म्हणाल्या, “हे… पीठ आहे का?”

मला राग यायला हवा होता, पण हसूच फुटलं. “पीठ असतं तर मी भालकीतच झटकलं नसतं का?”

“राग मानू नका. मला ते होताना बघायला मिळालं तर फार बरं झालं असतं. पण या उन्हात नाही दिसायचं.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी म्हणाले, थोडा वेळ द्या, आलेच. पिशवीतला स्टीलचा डबा उचलला, त्यातली दुपारची भाकरी यजमानांच्या मांडीवर ठेवली आणि जिना उतरले. समोरच रसवंती होती. रसवाल्याने मला डबा पुढे करताना बघितलं आणि ग्लास उचलला.

“रस न्हाई, नुसता बर्फ द्या.”

“नुस्ता बरफ? काय कू होना अम्मा?”

“डॉक्टरला दाखवायला.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू उन्हाने डोकं फिरलेली ही आजची पहिलीच नसावी. पण पोत्यातला बर्फ फोडून डबा भरून दिला.

वर येईपर्यंत दुसरा पेशंट आत गेला होता. दारावरच्या माणसाने मला अडवलं. मी डबा त्याच्या नाकासमोर धरून म्हणाले, हे वितळायच्या आत आत जायचंय. काय समजला कोण जाणे, बाजूला झाला. आतल्या म्हाताऱ्या पेशंटला मी हात जोडले, टेबलावर डबा उघडला आणि दोन्ही हात बर्फात घातले.

वर पंखा तेवढा फिरत होता. मला खरोखर भीती वाटली, की आता हीसुद्धा दगा देतील. वर्षभर जी पहाटे पहाटे मला छळत होती ती बोटं आज माणसांसमोर गुलाबीच राहिली तर? मग मी खोटी, कायमची खोटी.

हात बाहेर काढले. उजव्या हाताची दोन बोटं, डाव्या हाताची तीन. पांढरीफेक, मेणबत्तीसारखी, आणि जिथे पांढरं संपत होतं तिथे कुणीतरी सुतळी बांधून खूण केल्यासारखी सरळ रेघ.

“पुसून बघा,” मी म्हणाले.

आणि बाईंनी खरंच कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून माझं बोट पुसलं. काही निघालं नाही. त्यांनी बोळा उलटा करून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि त्या मोठ्याने हसल्या. मी हसले. तो म्हातारा पेशंट कशाला हसला हे त्यालाही ठाऊक नसेल, पण हसला. यजमान मात्र हसले नाहीत. ते उठून माझ्याजवळ आले आणि बर्फाने गारठलेला माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. चारचौघांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. बोटं निळी होताना, लाल होताना ते बघत राहिले. मला इतका आनंद झाला, इतका, की तो आजारी माणसाला शोभत नव्हता. पांढऱ्या बोटांचा एवढा अभिमान दुसऱ्या कुठल्या बाईने बाळगला नसेल.

हसून झाल्यावर बाईंनी मला चांगलं झापलं. हे पुन्हा करायचं नाही, बोटांचा रक्तपुरवठा तुटतो, जखमा होतात, आजपासून गार पाणी वर्ज्य. मी मान खाली घालून ऐकलं. शाळेत पहिली आल्यावर मिळालेल्या शाबासकीसारखं ते गोड लागलं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. दुसऱ्या खेपेला बाईंनी समजावून सांगितलं. एक सांध्यांचा आजार, दुसरा डोळे आणि तोंड सुकवणारा, आणि बोटांचं पांढरं पडणं दोन्हींच्या संगतीने आलेलं. आपलंच रक्त आपल्याच शरीरावर उलटतं, तो प्रकार. दोन्ही आजार एकमेकांत मिसळल्यामुळे ज्याने त्याने आपल्याला दिसलं तेवढंच बघितलं. यापुढे तिसरं काही डोकं वर काढतं का यावरही लक्ष ठेवावं लागेल.

“पण यातला खरा कोणता?” मी विचारलं.

“तुम्ही घरात कोणती भाषा बोलता?”

“दोन्ही. मराठी बी, कन्नड बी.”

“त्यातली खरी कोणती?”

मी काही बोलायच्या आधी यजमान म्हणाले, “रागात आली की मराठी.” बाईंना उत्तर पुरलं, मलाही. सीमेवरच्या माणसाला दोन नावांचं एक दुखणं समजायला जड जात नाही. बरे होतील का म्हणाल तर मुळापासून नाही, पण आवरता येतील, असं त्या म्हणाल्या. हातांचं काय, हे मी विचारलं. भाकरी थापता येईल का? त्या म्हणाल्या, औषध लागू पडलं तर येईल, आणि लागू पडायला महिने लागतील, धीर धरा. ‘तर’ हा शब्द मी सगळ्या रस्त्याने बरोबर घेऊन आले.

घरी अव्वा वाट बघत होत्या. यजमानांनी बर्फाची सगळी हकीकत सांगितली. अव्वांनी माझा हात घेतला, बोटांवरून आपला अंगठा फिरवला, आणि पदराने पुसलासुद्धा.

“काय निघालं मग?”

“दोन आजार हायेत अव्वा.”

“दोन? एकटीलाच?”

मला वाटलं आता काही मायेचं बोलतील. दुसऱ्या दिवशी नळावर त्यांचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला: “आमच्या सुनंचं साधंसुधं न्हाई बाई. दोन-दोन हायेत, कलबुर्गीच्या डॉक्टरणीनं काढलं. एकाचं नाव तर घेता बी येत न्हाई तोंडानं.” सोंगाची गोष्ट त्यांनी परत काढली नाही, माफीही मागितली नाही. पण त्या दिवसापासून एक तांब्याचा हंडा कोमट पाणी फक्त माझ्या हातांसाठी चुलीच्या कडेला बसू लागला, आणि त्यात चुकून कुणी चमचा विसळला तर अव्वा त्याची सात पिढ्यांची हजेरी घेत.

एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. चुकून रोज घेतली तर भलतंच व्हायचं. अव्वांनी सोमवार ठरवला. आमच्यात सोमवार कुणी विसरत नाही. मंगळवारी मला मळमळायचं, केस गळायचे, तोंडात फोड यायचे. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला जायचं. पावसाळा गेला, थंडी आली. मी गल्ल्यावर लोकरीचे हातमोजे घालून बसायचे. गिऱ्हाइकांना विषयच मिळाला. “ताई, काश्मीरला निघालाव काय?” मी म्हणायचे, “व्हय, तुमचं बिल आलं की निघते.” यजमानांनी मशीनचं नाव पुन्हा काढलं नाही. भाकऱ्या अव्वा आणि कामाला ठेवलेली एक बाई थापत होत्या. मी ऐकायचे. आवाज बरोबर नव्हता, पण आता मला ते बोलायचा हक्क नव्हता.

आणि एके सकाळी शेंगा कुटताना माझ्या ध्यानात आलं, की आज परकराची नाडी मी बांधली होती. मीच. कुणाला हाक न मारता, गाठ न सुटता. हातातला बत्ता ठेवून मी पुन्हा मूठ वळून बघितली. पुरती वळली नाही, पण वळली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेर ताटावर बसलेला माणूस घास टाकून उभा राहिला. त्याला वाटलं भाजलं.

तरी काठवटीपुढे बसायचा धीर होईना. फाटली तर? उद्या बसू, परवा बसू. यजमान एकदा म्हणाले, “दवाखान्यात दार ढकलून घुसलीस, आता पिठाला भ्यायलीस?” मी त्यांच्या अंगावर ओरडले, म्हणजे ते खरंच होतं.

अशातच जत्रा जवळ आली. जत्रेच्या आधी आमच्याकडे बायका अप्पांच्या, म्हणजे स्वामींच्या, मठात जमतात आणि दासोहासाठी कडक भाकऱ्या करतात. दासोह म्हणजे येईल त्याला जेवण, जात-गाव न विचारता. मोठ्या पडवीत चुली मांडलेल्या, प्रत्येकीसमोर आपली घरून आणलेली काठवट. गावच्या बायका त्या दिवशी एकमेकींच्या भाकरीकडे कशा बघतात हे सांगायला नको. देवाचं काम असलं तरी पातळ कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. अव्वा दरसाल जातात. मी हातमोजे घालून त्यांच्याबरोबर गेले, नुसती सोबतीला.

व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी मला बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “अक्का, तुम्ही कशाला त्रास घेताव? तुम्ही निवांत बसून भाकऱ्या रचा.” त्यांनी भिंतीकडेची जागा दाखवली. तिथे मठातल्या थकल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, ज्यांच्याकडून आता थापणं होत नाही अशा. त्यांनी सरकून मला जागासुद्धा केली.

मी त्या जागेकडे बघितलं. तिथे बसले असते तर कुणी वाईट बोललं नसतं. उलट सगळ्यांनी हळहळ केली असती, दरसाल केली असती, आणि ती जागा माझी झाली असती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बरं झालं गेली. धीर मला आजवर कधी आलाच नाही, जे काही केलं ते तिडिकीने केलं.

“न्हाई,” मी म्हणाले. “मी थापते.”

अव्वा आपल्या काठवटीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त एक हात जमिनीवर टेकून, गुडघा धरून, त्या बाजूला सरकल्या. जागा झाली. मी हातमोजे काढले. शेजारच्या बायकांचे हात थांबले होते.

पहिली भाकरी कडेला फाटली. कुणीतरी “असू दे, असू दे” म्हणालं आणि ते मला शिवीसारखं लागलं. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. मी हात कोमट पाण्यात बुडवले, पीठ पुन्हा मळलं. गोळा थापायला घेतला तेव्हा बोटं वाकडीच होती, दोन तर अजूनही सरळ होत नाहीत. म्हणून या खेपेला मी बोटांची वाट बघितली नाही, तळहाताच्या कडेने फिरवत नेली. माझीच भाकरी, पण वेगळ्या हाताने. आणि मग तो आवाज आला. माझा आवाज. कड मला कळत होती, पुरी, सगळीकडून. भाकरी काठवटीच्या काठाला टेकली, मी ती उचलली, तव्यावर अख्खी पडली, फडक्याने पाणी फिरवलं, उलटली, आणि ती अशी टम्म फुगली की समोरच्या बाईने “अगं बाई!” म्हणून तोंडावर हात ठेवला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, येतच नाही. पण मी रडत होते हे या खेपेला सगळ्यांना कळलं.

मी भाकरी रचायच्या टोपल्याकडे द्यायला उचलली. मधेच अव्वांनी हात घालून ती काढून घेतली.

“अव्वा, मठाची हाय ती. नैवेद्याच्या आधी…”

“ही मठाची न्हाई. ही माझी हाय,” अव्वा म्हणाल्या. “अप्पांना मी सांगते काय सांगायचं ते.” आणि ज्या बाईने उभ्या जन्मात नैवेद्याआधी घास घेतला नव्हता तिने, भरल्या पडवीत, सगळ्या गावच्या बायकांसमोर, माझी भाकरी मोडली आणि गरम गरम तोंडात घातली. चावत राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, त्यांच्या.

मी नुसती बघत बसले.

“बघत कामून बसलीस?” घास गिळून अव्वा खेकसल्या. “तवा जळायलाय. थाप!”